पिवळी वेस्ट

वैभव माझा धाकटा भाऊ, पण अक्कल शिकवायला थोरला. "ताई, कागदावर परीक्षा? कुठल्या जमान्यात आहेस? कॉम्प्युटरवर दे. कानाला हेडफोन, निकाल झटपट!" ऐकलं बाबा त्याचं. गेल्या खेपेला इंग्रजी ऐकण्याची परीक्षा कॉम्प्युटरवर दिली आणि साडेसहावर आपटले. डब्लिनच्या हॉस्पिटलला नर्स हवी होती ती सातवाली. आता ही शेवटची संधी.

इंग्रजी मला कळत नाही असं नाही हां. पण एक खोड आहे. कान इंग्रजी शब्द ऐकतो आणि हात तोच शब्द मराठी अक्षरांत लिहितो. मराठी शाळेची सवय, देवनागरी कशी सुसाट सुटते! स्क्रीनवर ते कसं चालणार? मी एकेक बटण शोधेपर्यंत हेडफोनमधली बाई पुढचं बोलून मोकळी.

"म्हणून कागद!" मी वैभवला सुनावलं. "आधी प्रश्नपत्रिकेवर हवं तसं खरडायचं, मग उत्तरं नीट उतरवायला दहा मिनिटं. तुझा कॉम्प्युटर किती देतो?"

"दोन," तो पडेल आवाजात म्हणाला.

"मग बस गप."

दादरच्या सेंटरवर स्पीकर सुरू झाला आणि माझं पेन जे पळालं म्हणता! उतरवताना मात्र एका ठिकाणी गाडी अडली. मी लिहिलं होतं, 'वेस्ट'.

आता लालबागच्या पोरीला वेस्ट एकच, दादर वेस्ट. पण प्रश्न होता, प्रवाशाची कोणती पिवळी वस्तू बोटीवर राहिली? पिवळी पश्चिम? पिवळा कचरा? पिवळी कंबर? अरे देवा, देवनागरीत सगळे एकाच माळेचे मणी! मिनिटं संपत आलेली. आणि टकन ट्यूब पेटली. वेस्ट म्हणजे बनियन! बाबांची गंजी, पिवळी पडलेली, बोटीच्या कठड्यावर वाळतेय... मला असं हसू फुटलं की सुपरवायझर धावत आले. ओढणी तोंडात कोंबून मी लिहिलं, व्ही, ई, एस, टी. माणूस बुडू नये म्हणून घालतात ती वेस्ट होती, हे नंतर वैभवने सांगितलं. मरू दे, स्पेलिंग तेच.

निकाल भर दुपारी मोबाइलवर आला. सात! वैभव थाळी बडवत गॅलरीभर सुटला. शेजारच्या मालनकाकूंनी माझा हात धरून फुगडीच घातली. गलका ऐकून आई भाकरी टाकून बाहेर आली.

"सात म्हणजे पास मा? म्हणजे तू जातलंस?"

"जातलंय गो आये, जातलंय!" मी गरगरतच ओरडले, आणि तेव्हा कुठे मला ऐकू आलं मी काय बोलले ते. मी खरंच जाणार होते, आईला सोडून.

आईने पिठाचे हात तसेच माझ्या गळ्यात टाकले. आम्ही दोघी खदाखदा हसत होतो, रडत होतो, आणि ते हात मला काही सोडवेनात.