बसच्या काचेवर पांढरा डबा

बाबांनी सकाळी सकाळी टाइप केलं, "तुझा डबा काढ."

डबा म्हणजे मी त्यांना करून दिलेला टेक्स्ट बॉक्स. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला, तेव्हा मी त्यांच्या कॉम्प्युटरसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. लिहायला एक चौकट, तिच्यात मोठ्ठी अक्षरं, आणि खाली आम्हाला बोलवायची घंटी. मागे त्यांच्या बसचा फोटो. रिटायर होईपर्यंत ते हीच बस चालवत होते, तिच्यावर भारी जीव. आणि माझी पांढरीफेक चौकट नेमकी बसच्या पुढच्या काचेवर जाऊन बसली होती.

"मग कुठे लिहिणार? टायरवर?" मी विचारलं.

एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, "काचेवरच. पण काच दिसू दे. समोरचं दिसल्याशिवाय मी कधी गाडी हाकली नाही."

घ्या! आवाज गेला, खोड काही गेली नाही.

खरं तर त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. दुसऱ्या शहरातली नोकरी चालून आली होती. थोड्या वेळाने तिथल्या मॅडमचा फोन येणार होता, येते की नाही तेवढं सांगायचं होतं. दादा म्हणत होता, "जा बिनधास्त, आम्ही आहोत ना." आहेतच. दादा-वहिनी बाबांना जिवापाड जपतात. पण दादा त्यांचं वाक्य पुरं होऊ देत नाही. बाबांनी "मला च" लिहिलं की हा चहा घेऊन हजर. परवा त्यांना चष्मा हवा होता. बिचाऱ्यांनी मुकाट्याने चहा प्यायला. त्यांचं बोट शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेपर्यंत थांबणारी घरात मी एकटी, आणि तीही पाय हलवत, नखं खात. लहानपणापासून मला भिंगरी म्हणतात ते काही उगाच नाही.

बाबांच्या शेजारी स्टूल ओढलं आणि कोड उघडला. चौकटीचा पांढरा रंग काढून अगदी पातळ, असून नसल्यासारखा रंग दिला. प्रोग्राम पुन्हा सुरू केला. बस दिसली, काच दिसली. बाबांनी स्टिअरिंग धरल्यासारखे हात टेबलावर ठेवले आणि मान डोलावली.

"झालं समाधान? आता सांगा, मी जाऊ का? दादाचं मत नकोय, तुमचं हवंय."

त्यांनी मला हातानेच बाजूला व्हायला सांगितलं. मी खिडकीशी गेले. पडदा सरकवला, परत सरकवला, फोन बघितला. मागे टक... टक... चाललं होतं. मग भरभर खोडल्याचा आवाज. मग दोनच टक. घंटी वाजली.

काचेवर "जा" असं लिहिलं होतं. आणि त्याच्या आडून "नको" डोकावत होतं. पुढच्या मोकळ्या काचेवर खोडलेलं बाकीचं वाक्य तसंच राहिलं होतं: "जाऊस. मग माझं कोण ऐकून घेणार?"

मी मूर्ख! चौकटीला नुसता पातळ रंग देऊन भागत नाही. आता तू अपारदर्शक नाहीस, असं तिला वेगळं बजावावं लागतं. मगच दर वेळी आधी मागचं चित्र नव्याने काढलं जातं आणि त्यावर अक्षरं येतात. तेच मी विसरले होते. पाटी न पुसता वर लिहीत जावं तसं झालं होतं.

माझी नजर कुठे आहे ते बाबांनी पाहिलं. कान लाल झाले त्यांचे. घाईघाईने ते खोडायला लागले, तर "जा"सुद्धा हलेना.

"हे काय बाबा? पोटात एक, ओठात एक?"

ते त्यावरच काहीतरी लिहायला लागले. नुसता चिखल झाला. मी कीबोर्ड ओढून घेतला, राहिलेली ओळ कोडमध्ये घातली. काच स्वच्छ झाली. मग त्यांनी लिहिलं, "पुसलेलं वाचायचं नसतं."

"दिसलं म्हणून वाचलं! बोलणारी माणसं काय पुसून बोलतात?"

"गिळून बोलतात," त्यांनी लिहिलं. "मलाही तेवढी मुभा दे."

मी तरी दुसरं काय करत होते? इतके दिवस "बघू, ठरवू" म्हणत होते.

"मला जायचंय बाबा," मी म्हटलं. "खूप जायचंय. आणि तुम्हाला टाकून जायची लाज वाटतेय. बस्स, हे आहे. आता मी आत जाते. हवं ते लिहा, हवं ते पुसा. आता खरंच पुसलं जातं."

स्वयंपाकघरात वहिनी भांडी पुसत होती, दादा पेपर वाचत होता. बाहेरून टक... टक... ऐकू आलं तसा तो उठला. "थांब, बाबांना बहुतेक..."

मी त्याची बाही धरली. "खाली बस! त्यांचं वाक्य संपू दे."

"अगं पण मला माहितीय त्यांना..."

"काहीही माहीत नाहीये तुला! मी गेल्यावर तूच आहेस. जरा थांबायला शिक."

तो बसला. चेहरा पडला होता त्याचा. बाहेर टकटक थांबली, लांबलचक खोडणं झालं, पुन्हा सुरू. तेवढ्यात हातातला फोन वाजला. मॅडम! घंटीचा पत्ता नाही. वहिनी खुणावत होती, घे, घे. मी घेतला नाही. वाजून वाजून तो बंद पडला आणि पुन्हा वाजायला लागला.

मग घंटी वाजली. तिघंही धावलो.

काचेवर होतं, "भीती वाटते. तरी जा."

मी फोन कानाला लावला. "हो मॅडम, येते," म्हटलं, पण इतक्या हळू की मॅडमना ऐकूच गेलं नाही. "येते मी," मी पुन्हा सांगितलं.

दादा स्क्रीनसमोर उभा होता. मग माझ्या स्टुलावर बसला. "बाबा, भीती कसली वाटते?"

बाबांनी "रा" लिहिलं. दादाचं तोंड उघडलं. त्याने ते मिटलं, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तो पुढच्या अक्षराची वाट बघत बसला.