लोखंडी चांदण्या

मी बटणांचा कारखाना बोलतोय. अमेरिकेतल्या आयोवात, मिसिसिपीच्या काठच्या एका छोट्या गावात, भर बाजारपेठेतला लाल विटांचा तिमजली मीच. नदीतले शिंपले माझ्याकडे ओले, वास मारत यायचे आणि शर्टाची बटणं होऊन जायचे. माझ्या परसात अजून भोकं पाडलेले शिंपले सापडतात.

माझी नदीकडची भिंत बाहेर झुकू लागली, तेव्हा मालकाने मजल्यांखालून आरपार लोखंडी सळया घातल्या आणि दोन्ही टोकांना बाहेरून लोखंडी चांदण्या आवळून बसवल्या. गावाला वाटलं, शोभेच्या. नाताळात त्यांच्यावर दिवे लावायचे. मीही फुशारून जायचो, खोटं कशाला बोलू?

पुढे प्लास्टिकची बटणं आली आणि मी बंद पडलो. यंदा मला पाडायचं ठरलं. समोरच्या बेकरीतल्या आर्लीनने पुष्कळ धडपड केली, तिची आई माझ्याकडे बटणं निवडायची ना. पण गावसभेत ती हरली. मग गावाने निरोपाचं जेवण ठेवलं, तेही माझ्याच तळमजल्यावर. त्याआधी जो तो आठवण म्हणून नदीकडच्या भिंतीची एकेक चांदणी काढून नेऊ लागला. माझा जीव टांगणीला लागला, पण सांगू कुणाला?

रविवारी दुपारी सगळे ताटल्या भरून बसले. तेवढ्यात आर्लीनचा भाऊ डेल्बर्ट शेवटची चांदणी घेऊन आत आला. वर माझ्या विटा करकरत होत्या आणि खाली अख्खं गाव बटाट्याचं सॅलड वाढून घेत होतं.

"तुझ्यासाठी काढली," तो म्हणाला.

आर्लीनचे डोळे भरून आले. तिने चांदणी उलटून पाहिली. "हिच्यामागे काय होतं रे?"

"लांबलचक सळई. नट सुटला तशी ती चार बोटं आत सरकली."

आर्लीनने भिंतीकडे पाहिलं. छताशी उजेडाची फट दिसत होती.

"सगळे बाहेर चला," ती म्हणाली. "भिंत सुटलीय."

आमच्याकडे तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. "हो, निघतोच आता," म्हणत सगळे उठले आणि उभ्या उभ्या गप्पा मारू लागले. इथे निरोप घ्यायला जेवणापेक्षा जास्त वेळ लागतो. कुणी घरून आणलेलं आपलं भांडं ओळखायला तळाला चिकटवलेलं नाव वाचत होतं, कुणी उरलेलं हॅम शेजारणीला बांधून देत होतं. अरे बाबांनो, निघा की! मी होतं नव्हतं ते बळ लावून भिंत धरून ठेवली.

शेवटी आर्लीनने कॉफीचं भलंमोठं भांडं उचललं आणि डेल्बर्टच्या हातात केक दिले.

"कॉफी आता रस्त्यापलीकडे मिळेल."

तशी सगळी रांग मुकाट तिच्यामागे निघाली. शेवटची म्हातारी रस्ता ओलांडेपर्यंत मी दम धरला. मग भिंत नदीच्या बाजूला कोसळली. कुणाला खरचटलंही नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या चांदण्या माझ्या उंबऱ्यावर परत आल्या. समोर बेकरीत डेल्बर्टने कॉफीला हातही लावला नव्हता. आर्लीन त्याच्या शेजारी नुसती बसून राहिली. मला गावाचा राग आला होता, अजूनही थोडा आहे. पण नेल्या त्या प्रेमापोटीच, हे मनाला जास्त लागतं.

आज पाडायचं यंत्र आलंय. गाव समोर जमलंय. "बरं, निघतो आता," म्हणतात आणि जागचे हलत नाहीत. इतकी वर्षं त्यांच्यात काढली, मलाही तीच सवय लागलीय.

बरं, निघतो आता.

तीन भिंतींवर का होईना, अजून उभा आहे.