थंड ओसरीवरची ठासणीची बंदूक

मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे, मित्रांनो, आणि जुनी म्हणवून घेण्यात मला जराही कमीपणा वाटत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात माझे घर आहे. आमच्याकडे नाताळ सरला, की बाकीच्या बंदुका कपाटात जातात. पटापट गोळ्या झाडणाऱ्या त्या नव्या पोरींचा शिकारीचा मोसम संपलेला असतो. त्यानंतरचे जानेवारीपर्यंतचे आठवडे आमचे, चकमकीवर चालणाऱ्यांचे. तेव्हा डोंगरावर बर्फ असतो, हरणे पुरेपूर शहाणी झालेली असतात, आणि आमच्याजवळ बार असतो एकच.

मला विल्मर हेपनरने घडवले. कुरणाच्या कडेचा एक मेपल वादळात पडला होता. त्याच्या लहरीदार लाकडाचा दस्ता विल्मर दोन हिवाळे तासत बसला. नळी त्याने आयती आणली, हे मी लपवत नाही. पण माझा कान त्याने स्वतःच्या हाताने पाडला. कान म्हणजे नळीला असलेले सुईएवढे बारीक छिद्र. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते आणि ठिणग्या बाहेरच्या वाटीतल्या चिमूटभर दारूवर पडतात. या चिमटीला रंजक म्हणतात. रंजक पेटली, की तिची आग कानातून आत शिरते आणि नळीतला बार उडतो. सांगायला वेळ लागतो, पण होते सगळे डोळ्याचे पाते लवायच्या आत.

एकतीस मोसम मी विल्मरच्या खांद्यावर काढले आणि सव्वीस हरणे घरी आणली. गाव जिथे गप्पांना जमते त्या अग्निशमन दलाच्या सभागृहात लोक माझ्या दस्त्यावरून बोट फिरवत आणि विल्मर उगाच छताकडे बघत बसे. त्याचा एकच कडक नियम होता. बार भरलेली बंदूक उबेत आणायची नाही. थंडगार लोखंड गरम स्वयंपाकघरात आले, की त्याला घाम फुटतो आणि आतली दारू ओली होते. म्हणून रंजक झटकून मला ओसरीवर ठेवत. कुत्र्याला चुलीजवळ जागा आणि या बाईसाहेब बाहेर, असे त्याची बायको व्हर्ना चिडवायची. मला मात्र तो माझा मान वाटे.

पुढे व्हर्ना गेली. विल्मरचे हात कापू लागले. सहा वर्षे मी कोटांच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांचा वास घेत उभी होते. पहिली दोन वर्षे तो मला तेल लावायला येई. मग तेही थांबले. कोणी रागावले असते तर चालले असते, पण विसरले जाणे फार लागते.

यंदा विल्मरचा धाकटा भाऊ क्लेअर म्हणाला, की मला सभागृहाच्या भिंतीवर काचेच्या पेटीत लावावे, कॉफीच्या यंत्राच्या वर. विल्मरची मुलगी अर्लीन तिथेच होती. ती शाळेची बस चालवते, वय अठ्ठेचाळीस, बोलणे मोजके. तिने मला मागितले. विल्मरने अट घातली. या मोसमात हिच्याने हरीण पडले, तर बंदूक अर्लीनची. नाही तर पेटी. जिला हिच्या खोडी कळत नाहीत, तिच्या हातात ही कुजेल, त्यापेक्षा भिंत बरी, असे तो म्हणाला. मला त्याचा राग आला नाही, पण काचेच्या कल्पनेने अंगावर काटा आला.

अर्लीनला फक्त शनिवार मोकळे. पहिल्या शनिवारी पाऊस पडला. दुसऱ्या शनिवारी हरीण दिसले, पण दीडशे पावलांवर, माझ्या पल्ल्याबाहेर. तिने नेम धरला आणि चाप न ओढता मला खाली घेतले. ती मला तेव्हाच आवडली. मग उरला शेवटचा शनिवार.

त्या दिवशी सकाळभर काही दिसले नाही. दुपारी ती जेवायला घरी आली, नियमाप्रमाणे रंजक झटकून तिने मला ओसरीवर टेकवले आणि कोठारातला गोठलेला नळ मोकळा करायला गेली. नेमका तेव्हा क्लेअर टपकला, हातात मोजपट्टी घेऊन.

"आण रे तिला आत," तो विल्मरला म्हणाला. "सुताराला पेटीचं माप द्यायचंय. ओसरीवर माझी बोटं गळून पडतील."

"संध्याकाळपर्यंत दम धर की."

"संध्याकाळी काय वेगळी लांब होणार आहे? का तुलाच उचलवत नाही आता?"

हे विल्मरला झोंबले. तो उठला, मला उचलून आत घेऊन आला आणि त्याने मला मेजावर ठेवले. चुलीवर कोंबडी आणि मक्याचे सूप रटरटत होते, खिडक्यांवर वाफ धरली होती. क्लेअर माझे माप घेत होता. मित्रांनो, शवपेटीसाठी माप घ्यावे तसे! पण विल्मरने चार वर्षांनी माझ्या दस्त्यावर हात ठेवला आणि तो हात काढायचे त्याला सुचेना. स्वतःचाच नियम तो विसरला. अर्ध्या तासाने त्याने मला पुसून पुन्हा बाहेर ठेवले. माझ्या कानातून ओल आत शिरली होती, आणि मला ओरडता येत नाही.

अर्लीन मला घेऊन वर हेमलॉकच्या झाडीत गेली. ताजी रंजक घातली, झाकण लावले. चार वाजून गेले. उजेड मंदावू लागला तेव्हा लॉरेलच्या झुडपांतून एक हरणी निघाली आणि चाळीस पावलांवर आडवी उभी राहिली. अर्लीनने श्वास रोखून चाप ओढला.

भस्स! रंजक पेटली आणि आतला बार गप्प राहिला. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. हरणी तीन उड्या मारून थांबली आणि कान टवकारून धुराकडे बघू लागली.

दुसरी कोणी असती तर मोसमाला आणि मला शिव्या घालून मोकळी झाली असती. अर्लीन हलली नाही. उशिराने पेट घेतला तर, म्हणून तिने नेम तसाच धरून ठेवला आणि मनात आकडे मोजले. मग पट्ट्याला लटकवलेली तार तिने हळूच माझ्या कानात घातली. तारेला भिजलेल्या दारूचा काळा चिखल लागून आला. तिने तो क्षणभर पाहिला. ओसरीवर गारठलेल्या बंदुकीत चिखल होत नाही, हे तिला ठाऊक होते. काय घडले असेल ते तिला तिथेच कळले असावे. तिने कान साफ केला, कोरड्या दारूचे मोजके कण त्यातून आत सारले, वाटी पुन्हा भरली. हरणीने पाऊल उचलले. अर्लीनने पुन्हा चाप ओढला.

या वेळी मी गरजले. समोरचा डोंगरही दुमदुमला. धूर विरला तेव्हा हरणी बर्फावर पडली होती, एकाच गोळीत, तडफडही न करता. एकतीस मोसमांत इतका अवघड बार मी उडवला नव्हता, आणि हे मी कोणालाही ठणकावून सांगेन.

अंधार पडायच्या बेताला अर्लीन हरणी ओढत अंगणात आली. विल्मर दारातच उभा होता.

"पहिल्या ठिणगीला उडाली?" त्याने विचारले.

"पहिल्याच, पॉप."

क्लेअरने मोजपट्टी खिशात घातली आणि हरणी टांगायला मदत करतो म्हणाला. विल्मरने पाणी तापवले. माझी नळी धुवायचे काम त्याने स्वतःकडे घेतले आणि गज, चिंध्या, तार असे सगळे मेजावर मांडले. तारेपाशी त्याचा हात थांबला. त्यावर वाळलेला काळा चिखल होता. बंदुका घडवणाऱ्याला त्याचा अर्थ कोणी सांगायला नको. त्याने चुलीवरच्या सुपाकडे पाहिले, मग लेकीकडे. ती बुटांच्या नाड्या सोडत बसली होती, मान खाली घालून.

त्याने मला धुतले, पुसले, तेल लावले. हात कापत होते, पण एक कोपरा सुटला नाही. मग त्याने मला अर्लीनच्या मांडीवर ठेवले.

"तुझी आहे," तो म्हणाला. "आणि बार भरलेला असताना मी हिला आत आणायला लागलो, तर मला दाराबाहेर काढ. बापाचं ऐकायचं नाही."

"बरं, पॉप," अर्लीन म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल. तिला प्रेमाने जवळ घ्या, पण तिला काय सोसते आणि काय सोसत नाही ते आधी जाणून घ्या. ज्याने मला घडवले, त्याने माझ्या भल्यासाठी स्वतःलाच दाराबाहेर काढायला सांगितले. एवढा मान सभागृहातल्या कुठल्या काचेच्या पेटीत मावला असता, तुम्हीच सांगा.