डिझेल गाळायचं लुगडं

मन्नाएखेळ्ळीच्या गॅरेजात सिद्धराम मिस्त्रीनं पाना लावून फिल्टरची वाटी उतरवली आणि आत बोट फिरवलं. डिझेलमध्ये भिजलेले बारीक हिरवे धागे बोटाला चिकटून आले.

"भीमराजअण्णा, पंप झकास हाय तुमचा. उगंच त्याच्या नावानं बोटं मोडायलाव," तो हसला. "हे बघा. गाडीच्या पोटात लुगडं गेलंय."

भीमराज बघतच राहिला. पंपच बिघडला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं. पंप बदलता येतो.

त्याची जुनी डिझेल मोटार ठाणाकुशनूरला भाड्यानं चालायची. गावात डिझेल मिळायचं नाही म्हणून पिंप भरून घरीच ठेवलेलं. पिंपातलं डिझेल बायकोच्या, भागाबाईच्या, जुन्या हिरव्या लुगड्यातून गाळल्याशिवाय टाकीत जात नसे. ती चारपदरी घडी घालून दोन्ही हातांनी ताणून धरायची, भीमराज डबा ओतायचा. "सावकाश वता की, अंगावर उडायलंय!" हे तिचं ठरलेलं. संक्रांतीनंतर तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. तेव्हापासून डबाही त्यानंच ओतायचा आणि कापडही त्यानंच धरायचं, ते कसं जमावं? मग तो लुगडं एकेरीच टाकीच्या तोंडाला सुतळीनं बांधायचा. शेजारी कुणीही धरू लागलं असतं. पण तिच्या जागी दुसरं माणूस उभं राहिलेलं त्याला बघवलं नसतं.

सिद्धरामनं नोझल काढून तपासले. फवारा उडायचा तिथं नुसते थेंब गळत होते. त्यानं ते साफ केले, नवा फिल्टर बसवला, पंपाचा स्क्रू सैल करून हातानं डिझेल खेचलं. आधी बुडबुडे आले, मग फेस, मग नितळ धार लागली. भीमराजनं चावी फिरवली तशी गाडी एका दमात सुरू झाली.

"चार पदरांतून इतके धागे येत न्हाईत," हात पुसत सिद्धराम म्हणाला. "अक्का कामून एकेरी धरायलीय? हुरडा घिऊन आली होती, तवा घडी कशी घालायची ते मलाच शिकवून गेली की!"

बायको गेल्याचं गावात सगळ्यांना ठाऊक होतं, मन्नाएखेळ्ळीत कुणालाच नव्हतं. सांगितलं की ती इथंही मेली असती.

"नजर कमी झालीय तिची," तो म्हणाला.

"मग हे न्या." सिद्धरामनं पितळी जाळीचं नरसाळं पुढं केलं. "एकट्याला बी गाळता येतंय. ते लुगडं टाकून दे म्हनावं आता. आन् अक्काला एक नवं घिऊन द्या, अण्णा. लई झिजवलं बिचारीनं."

"व्हय," भीमराज म्हणाला. "सांगतो तिला."

परतीच्या वाटेवर गाडी कुठंच अडखळली नाही. गेले काही महिने ती वाटेत हटकून बंद पडायची आणि घरी पोचेपर्यंत अंधार व्हायचा. आज दिवस मावळायच्या आत ठाणाकुशनूर आलं.

दाराला कुलूप होतं. भीमराजनं इंजिन बंद केलं नाही. नरसाळं मांडीवर घेऊन तो तसाच बसून राहिला.