खळीचा बिनखिशाचा कोट

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे. जुना किती, तर माझी कोपरं घासून चकाकायला लागली आहेत. आणि काळा किती, तर उन्हात नेलंत तर करडाच दिसेन. माझ्यावर नक्षी नाही, चमकती बटणं नाहीत, साधा खिसासुद्धा नाही. कोट म्हणवतो आणि खिसा नाही, म्हणजे नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. मला मुळी उठून न दिसण्यासाठीच शिवलं होतं, आणि ते काम मी इतकं छान केलं की त्याचा मला अजून गर्व आहे.

मला शिवणाऱ्या मास्तरांना ऐकू येत नसे. त्यांच्या बायकोलाही नसे. दोघं हातांनी बोलत, खुणांच्या भाषेत. त्यांच्या लेकीला मात्र भिंतीपलीकडची कुजबुजही ऐकू येई. त्या भाषेत प्रत्येक माणसाच्या नावाची एक खूण असते. हिच्या गालाला खळी पडे, म्हणून गालावर बोट टेकवून जरा फिरवलं की तिचं नाव झालं. मीही तिला खळीच म्हणतो.

सहा वर्षांची असल्यापासून खळी दुकानात स्टुलावर चढून गिऱ्हाइकांचं बोलणं बाबांना सांगे आणि बाबांचं गिऱ्हाइकांना. मोठी झाल्यावर तिनं ठरवलं, आपण दुभाषीच व्हायचं. दवाखान्यात, कोर्टात, शाळेत, जिथे ऐकू येणारा आणि न येणारा समोरासमोर येतील तिथे मधे उभं राहायचं.

शेजारच्या मावशी हसल्या. "अगं, तुला कसलं आलंय शिक्षण? माशाच्या पिल्लाला कधी कोणी पोहायला शिकवतं का?"

पण दवाखान्यात उभं राहायचं तर प्रमाणपत्र लागे. त्यासाठी आधी दोन वर्षांचा अभ्यासक्रम, मग लेखी परीक्षा, मग अनुभवी दुभाष्याच्या हाताखाली ठरावीक तास काम, आणि सगळ्यात शेवटी कॅमेऱ्यासमोर प्रात्यक्षिक. माशाच्या पिल्लाला इतक्या घाटांवरून जायचं होतं!

तिला प्रवेश मिळाला त्याच दिवशी मास्तरांनी कापडाची सात ठाणं उलगडली. प्रत्येकावर स्वतःचा हात धरून पाहिला. "हात दिसला पाहिजे, कापड नाही," ते हातांनी म्हणाले आणि मला निवडलं. खळीला खिसे हवे होते. मास्तरांनी मान हलवली. "खिसा दिला की हात आत जातो. हात आत गेला की बोलणं बंद!"

वर्गात शिकवायला ज्या बाई होत्या, त्यांनाही ऐकू येत नसे. डोळे मात्र घारीचे. अंगठ्या काढायला लावत, नखं तपासत, भुवई उचलायला विसरलं तर टेबलावर टिचकी मारत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "याच्यावर बोटं किती स्वच्छ दिसतात!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते दिवस फार मजेचे होते. आरशासमोर वीस हात एकदम बोलत असत आणि खोलीत चकार शब्द नसे.

लेखी परीक्षेत खळी पहिली आली. हाताखालचे तासही झाले. उरलं प्रात्यक्षिक. एक परीक्षक घरमालक झाले, बाई भाडेकरू झाल्या. संवाद आधीच लिहून ठेवलेला होता, फक्त खळीला तो ठाऊक नव्हता. घरमालक तोंड वाकडं करून म्हणाले, "तुमच्यासारख्यांना घर द्यायचं म्हणजे डोक्याला ताप!"

खळीनं हातांनी सांगितलं, "मालक म्हणतात, जरा विचार करायला हवा."

बाईंनी रागानं उत्तर दिलं, "तुमच्यासारख्या घरमालकाचं घर मला फुकट दिलंत तरी नको." खळी गोड आवाजात म्हणाली, "त्या म्हणतात, काही हरकत नाही."

खळी नापास झाली. मित्रांनो, तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या कॉलरवर पडलं, म्हणून मला माहीत. बाईंनी तिला जवळ बसवलं. "तुझे हात सुरेख आहेत. पण तो मला टाकून बोलला, हे मला कळायला नको? भांडायचं की उठून जायचं, ते मी ठरवीन. तू माझं भांडण मधल्या मधे खाऊन टाकलंस." सहा महिन्यांनी आणखी एकच संधी होती. तेव्हाही चुकली, तर दोन्ही वर्षं पहिल्यापासून.

घरी आल्यावर खळीनं बाबांना सगळं खरं सांगितलं. स्टुलावर चढल्या दिवसापासून ती हेच करत आली होती. गिऱ्हाईक ओरडलं की ही बाबांना सांगे, "ते म्हणतात, सावकाश होऊ द्या." आणि बाबा चिडले की गिऱ्हाइकाला सांगे, "बाबा म्हणतात, उद्या नक्की देतो."

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे माझी सगळी गिऱ्हाइकं सज्जन नव्हती?"

खळीनं नाही म्हणून मान हलवली.

"घाल तो कोट," मास्तर म्हणाले. "उद्यापासून दुकानात जसंच्या तसं सांगायचं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही."

दुसऱ्या दिवशी बँकेचे मॅनेजर पँट नाचवत आले. "काय हो, ही माझी शिवलीत की माझ्या धाकट्या मुलाची? बटण लागेना! डोळे मिटून शिवता का?" खळीला दरदरून घाम फुटला. माझं अस्तर ओलंचिंब झालं. पण तिनं सगळं सांगितलं, अगदी डोळे मिटण्यापर्यंत.

मास्तर लालबुंद झाले. त्यांचे हात असे उडाले की टेप गळ्यातून खाली पडली. खळी बापाचं बोलणं स्वतःच्या तोंडानं, जसंच्या तसं बोलली. "माझे डोळे उघडेच होते, साहेब! माप देताना तुम्ही पोट आत ओढून उभे राहिलात. ते मी पाहिलं. तेव्हाच बोलायला हवं होतं, भिडेपोटी गप्प बसलो!"

मॅनेजरांनी खाली आपल्या पोटाकडे पाहिलं, आणि एकदम हसत सुटले. हसता हसता ते पोट असं गदगदलं की मास्तरही हसायला लागले. माप पुन्हा घेतलं गेलं, श्वास सोडून.

मॅनेजर गेल्यावर मास्तरांनी लेकीच्या पाठीवर थाप मारली. "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा माझं भांडण मी भांडलो. काय मजा आली म्हणून सांगू!" त्यानंतरचे सहा महिने, एखाद्या दिवशी भांडायला कोणी मिळालं नाही, तर ते उदास व्हायचे.

परीक्षेचा दिवस आला. या वेळी परीक्षक डॉक्टर झाले, बाई पेशंट. ताप, खोकला, गोळ्या, सगळं सुरळीत चाललं होतं. मधेच बाई थांबल्या, खळीकडे बोट केलं आणि सरळ चेहऱ्यानं हात चालवू लागल्या.

खळीनं खांदे ताठ केले. माझ्या शिवणी ताणल्या गेल्या. मी मनात म्हटलं, पोरी, गोड करू नकोस! मग तिचा आवाज आला, खणखणीत. "डॉक्टर, ही दुभाषी मला मुळीच आवडलेली नाही. हिच्या चेहऱ्यावर बारा वाजलेत. मला दुसरी बोलवून द्या!"

डॉक्टर झालेले परीक्षक पुढचं वाक्यच विसरले आणि खो खो हसू लागले. बाईंना तिचा एक शब्द ऐकू आला नव्हता. पण त्यांनी परीक्षकांचं हसणं पाहिलं, आणि आपला शब्दन् शब्द पोचल्याचं त्यांना कळलं. त्या उठल्या आणि दोन्ही हात वर करून हलवू लागल्या. त्या भाषेत टाळ्या अशाच वाजवतात.

त्यानंतर नऊ वर्षं मी खळीबरोबर दवाखान्यात उभा राहिलो. एका आजोबांनी तर हातांनी वाद घालघालून डॉक्टरांकडून रोज एक पापड मंजूर करून घेतला. दर काही वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण असे, तेव्हा पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं म्हणून मला खास इस्त्री होई. मग कोपरं चकाकू लागली, कॅमेऱ्यात डोळ्यांवर येऊ लागली, आणि माझी रवानगी ट्रंकेत झाली. तिथे कसरीनं मला दोन ठिकाणी चाखून पाहिलं आहे.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या कोटाला वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा, एवढं माझं मागणं आहे. आणि कधी कोणाचं बोलणं दुसऱ्याकडे पोचवायची वेळ आली, तर ते सबंध पोचवा, कडू असलं तरी. त्यावर रागवायचं की हसायचं, हे ज्याचं त्याला ठरवू द्या.