भिंतीची सही

खोटी सही ओळखायची तर ती वाचायची नसते, उलटी धरायची असते. नाव दिसेनासं झालं की नुसती रेघ उरते आणि ती लगेच चुगली करते. खरी सही करणारा घाईत असतो. पेन कागदाला टेकायच्या आधीच त्याचा हात चालू झालेला असतो. खोटी करणारा जीव मुठीत धरून ती काढतो. त्याची रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची, आणि जिथे तो बिचकून थांबला तिथे शाईचा ठिपका.

ऑनलाइन लिलावात येणारे सह्यांचे चेंडू, जर्सी आणि फोटो तपासणं हे माझं काम. ऑफिसात मला खडूस म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही. हौसेनं घेतलेला चेंडू खोटा निघाला की लोक फोनवर रडतात, त्याला मी तरी काय करणार?

माझे बाबा फुटबॉलचे गोलकीपर होते. चांगले नावाजलेले. प्रेक्षक त्यांना भिंत म्हणायचे. मी ह्या कामाला लागले तेव्हा बाबा म्हणाले, भिंतीच्या पोटी भिंग जन्मलं. नियमाप्रमाणे बाबांच्या सह्या मी तपासत नाही, त्या मास्तरांकडे जातात. मास्तर म्हणजे माझे सहकारी, पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे.

पण नुसतं बघायला कोण अडवतं? दर रविवारी मी लिलावाच्या पानावर बाबांचं नाव टाकायचे आणि येतील ते फोटो मोठे करून बघत बसायचे. बाबांसाठी नाही, आईसाठी. कारण त्या सगळ्या सह्या आईच्या हातच्या होत्या.

आमच्या घरातलं हे उघड गुपित. बाबा ऐन भरात असताना त्यांची बोटं मोडली, हात प्लास्टरमध्ये गेला, आणि नेमकी तेव्हाच चाहत्यांच्या पत्रांची रीघ लागली. आई म्हणाली, आणा इकडे. तिनं बाबांच्या नावाला असं काही देखणं वळण दिलं की विचारू नका. प्लास्टर निघाल्यावर बाबांनी स्वतः सही केली, तर एका पोरानं खिशातून आईनं केलेली काढून शेजारी धरली आणि "ही तुमची नाही" म्हणून तोंड वाकडं केलं. मग आईचीच चालू राहिली. मैदानावर कुणी कागद पुढे केला की बाबा "पत्र पाठवा" म्हणून निघून जायचे आणि लोक त्यांना शिष्ट समजायचे. इकडे घरी आई गॅस बारीक करून, ओला हात पदराला पुसून, भराभर दहा-बारा फोटो उरकायची.

आई गेली आणि तिचं म्हणावं असं अक्षर घरात काही उरलं नाही. ती स्वतःच्या नावानं लिहायचीच कुठे? जे लिहिलं ते बाबांच्या नावानं, आणि तेही परक्यांच्या घरी फ्रेममध्ये. मला तिची आठवण फार येते. म्हणून तो रविवारचा उद्योग.

एके दिवशी मास्तर तीन फोटो घेऊन माझ्या टेबलाशी आले. "नियम मला माहीत आहे," ते म्हणाले, "पण तुझ्या वडिलांच्या नावावर कुणीतरी हात साफ करून घेतंय. तू नुसतं बघ."

मी फोटो उलटे धरले. रेघ थरथरत होती, जागोजागी ठिपके होते. कुणीतरी आईची सही समोर ठेवून चित्रासारखी काढली होती. माझं डोकं फिरलं. बाबांची नक्कल झाली असती तर मी हसले असते. पण आईच्या हाताची चोरी मला सहन होईना.

"कोण आहे ते शोधून काढा," मी म्हटलं. "सोडायचं नाही त्याला."

"विकणारे तिघं वेगळे आहेत. तिघंही म्हणतात, पत्र पाठवलं होतं, घरून सही होऊन आली. एकानं पुरावा म्हणून पाकीट पाठवलंय."

पाकिटावरचा पत्ता मी पाहिला. वाकड्या बोटांचं अक्षर, प्रत्येक ओळ शेवटाला उतरणीला लागलेली. सही आईची आणि पत्ता स्वतःच्या अक्षरात, असा घोळ घालणारा जगात एकच माणूस होता.

"ओळखलंस?" मास्तरांनी विचारलं.

"उद्या सांगते," मी म्हटलं आणि पर्स उचलली.

बाबा स्वयंपाकघरातच होते. आईनं सही केलेला एक जुना फोटो, मी कधीच न पाहिलेला, बरणीला टेकवून ठेवलेला, आणि बाबा जीभ दातांत धरून दुसऱ्या फोटोवर पेन चालवत होते. मला बघून त्यांनी काही लपवलं नाही.

"कधीपासून चाललंय हे?"

"ती गेल्यापासून. पत्रं येतातच गं अजून, थोडीफार. उत्तर द्यायला नको?"

"मग स्वतःची करायची."

"त्यांना ही हवी असते." मग जरा उत्सुकतेनं, "पकडली का तू?"

"मास्तरांनी पकडली, बघताक्षणी. इतकी हळू सही कुणी करतं का, बाबा?"

"पटपट केली की माझी होते," बाबा म्हणाले. "हळू केली की तिची होते. ती कुठे वळायची, कुठे दाबायची, सगळं हाताला कळतं. तेवढा वेळ ती इथेच असते."

मी चांगली हजेरी घ्यायची म्हणून आले होते. पण मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "मास्तरांना खरं सांगावं लागेल. नाहीतर ते तक्रार करतील आणि ती फिरून तुमच्यावरच येईल."

"मग सांग की."

"सांगितलं तर आईच्या सगळ्या सह्या लिलावातून उतरतील. खोट्या म्हणून."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "आणि मी काढलेल्या?"

"त्या खऱ्या. खेळाडूच्या स्वतःच्या हातच्या."

बाबा हसले. "एवढ्या गचाळ, आणि खऱ्या." हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "तिच्या सहीला खोटी म्हणू नकोस गं. दुसरा काही शब्द असेल तर बघ ना."

"आमच्याकडे दोनच शब्द आहेत, बाबा."

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना सगळं सांगितलं. ते उठून माझ्यासाठी चहा घेऊन आले. मग त्यांनी कॉम्प्युटरवर एकेक सही उघडून 'खोटी' नोंदवायला सुरुवात केली. मी शेजारी बसून राहिले, उठून जायला हवं होतं तरी.

रविवारी सवयीनं मी बाबांचं नाव टाकलं. त्या तीन थरथरत्या फोटोंखेरीज पानावर काही नव्हतं.

मी लॅपटॉप मिटला आणि बाबांकडे गेले. टेबलावर कुणा चाहत्याचा फोटो येऊन पडला होता. बाबा पेन धरून नुसते बसले होते.

"काय करू?"

"तुमची करा."

त्यांनी केली. एका दमात, वेडीवाकडी, कोंबडीचे पाय उमटावेत तशी. लांब धरून बघितली, पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं. मग आईच्या सहीचा तो जुना फोटो पुन्हा बरणीला टेकवला, एक कोरा कागद पुढे ओढला आणि शेजारची खुर्ची पायानं बाहेर सरकवली.

"हा कुणाला पाठवायचा नाही," ते म्हणाले. "बस. बोलू नकोस."

मी बसले. त्यांनी पेन टेकवलं, अगदी सावकाश. आम्ही दोघंही आईची वाट बघत होतो.