उलट फिरणारं इंजिन

मासेमारीची नाव मोडीत निघाली तेव्हा तिएन-लायनं तिच्या दोन इंजिनांपैकी डावं हट्टानं घरी आणलं. नावेवर त्याच्याच शेजारी तो जन्मभर झोपला होता. त्याच्या आवाजाशिवाय त्याचा डोळा लागत नसे. वांगगोंगच्या किनाऱ्यावर ओहोटीला चिखलातून कालवं आणायला जोडतोड करून बनवलेल्या गाड्या जातात. तसल्याच एका सांगाड्यात खिम मेकॅनिकनं ते बसवलं. समुद्राच्या पाण्यानं थंड राहायची सवय असलेलं इंजिन, म्हणून मागे पाण्याचं पिंप बांधलं. सगळं झकास झालं. तिएन-लायनं पहिला गिअर टाकला आणि गाडी मागे जाऊन खिमच्या कोंबड्यांच्या खुराड्यात शिरली.

जोडइंजिनाच्या नावेत एक पंखा उजवा फिरतो, एक डावा. म्हणून तर नाव सरळ चालते. हे तिएन-लायला पक्कं ठाऊक होतं. चाकांचा विचार मात्र दोघा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. आता गाडीला मागे जायला चार गिअर होते आणि पुढे जायला एक, तोही रडतखडत.

"सोपं आहे, काका," खिम म्हणाला. "मागचा ॲक्सल पालथा करून बसवतो. चाकं सुलट फिरतील."

"पालथं काही करायचं नाही."

"अहो, ॲक्सल आहे तो."

"कोळ्याच्या घरात काही पालथं होत नाही. तुझ्या आजोबांना विचार."

"आजोबा गेले."

"मग मी सांगतो ते ऐक."

तिएन-लायच्या घरात बशीतला मासासुद्धा कधी पालथा झाला नव्हता. वरची बाजू खायची, काटा अलगद काढायचा, मग खालची. मासा पालथा झाला की समुद्रात नाव पालथी होते. त्याची बायको आ-मिआउ लग्न झाल्यापासून हे डोळ्यांत तेल घालून पाळत आली होती.

"उद्या भरतीच्या आत सगळी कालवं घरी आली तर इंजिन ठेवा," ती म्हणाली. "नाहीतर भंगारात. दारात शोभेला नको मला."

दुसऱ्या दिवशी दोघं रडतखडत चिखलात रोवलेल्या कालवांच्या खांबांपर्यंत पोचली तोवर निम्मी ओहोटी सरली होती. निम्मी पोती भरली न भरली तोच पाणी वळलं. मग मागे जायचा चौथा गिअर. तिएन-लाय समुद्राकडे तोंड करून गाडी हाकत होता आणि आ-मिआउ पोत्यांवर बसून गावाकडे बघत "डावीकडे, तुमच्या नाही, माझ्या डावीकडे," असं सांगत होती. दोघं सुखरूप पोचली. निम्मी कालवं खांबांवरच राहिली.

"भंगारवाल्याला बोलाव," जेवताना तिएन-लाय म्हणाला.

माशाची वरची बाजू संपली होती. आ-मिआउनं जेवायच्या काड्या त्याच्याखाली घातल्या आणि मासा पालथा केला.

तिएन-लायनं वाडगा खाली ठेवला. "अगं, काय केलंस हे?"

"नाव आहे का आता?"

"नाही."

"मग? तुम्ही परत यावं म्हणून पाळत होते. आलात ना?" तिनं माशाचा मोठा तुकडा त्याच्या वाडग्यात ठेवला. "खिमला सांगा उद्या."

तिएन-लायचे डोळे भरून आले. तरी तो जेवला.

सकाळी खिमनं ॲक्सल पालथा केला. ते होईपर्यंत तिएन-लाय गाडीकडे पाठ फिरवून उभा होता.